झाकणावरची शेवटची ओळ

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला सांगितलेलं नाही, आणि जिला सांगायला हवं होतं त्या माझ्या मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं नसतं — हे आधीच स्पष्ट केलेलं बरं.

मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात काम करते. तपासणीला. पातेलं, ताट, डबा, जे येईल ते हातात घ्यायचं, उजेडाकडे धरायचं आणि ओरखडा, पोचा, वाकडी कड शोधायची. इतकी वर्षं हेच केल्यावर माणसांच्या बाबतीतही तसंच होतं. कुणी गोड बोललं की मी आधी पोचा शोधते. बहुतेक वेळा सापडतोही.

आमचं आडनाव जाधव. जाधव कुणीही असतं, आणि ही मोठी सोय आहे. आम्ही बौद्ध, मूळचे रत्नागिरीकडचे. नवघर रोडला फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डिंगमध्ये मी कुणाला काही सांगितलं नाही. खोटं बोलले नाही, हं. विचारलं नाही तर सांगितलं नाही, आणि विचारणार असं वाटलं की विषय बदलला. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, पण ती आता सगळ्यांच्याच हॉलमध्ये असते, शोभेला. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बाईंनी तर विचारलं होतं, "कहां से लिया? बहुत अच्छा पीस है." मी दुकान कुठे आहे ते सांगितलं.

माझे सासरे, आप्पा, याच्या अगदी उलट. गोदीतून रिटायर झालेले, आवाज गोदीतलाच राहिलेला. एकदा लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी त्यांना विचारलं, "काका, जाधव म्हणजे आपले मराठा का?" आप्पा म्हणाले, "नाही, आपला बौद्ध. कितवा मजला दाबू?"

हा किस्सा आमच्या प्राचीचा फार आवडता. आप्पांचा आवाज काढून सांगायची — मैत्रिणींना, मामाला, सगळ्यांना. घरात काही अडलं की ती माझ्याकडे बघत "कितवा मजला दाबू?" म्हणायची, आणि दोघं आजोबा-नात हसायची. मी पोळ्या लाटत राहायची. मला तो किस्सा आवडत नव्हता. त्या गृहस्थांनी त्यानंतर आमच्याशी लिफ्टमध्ये बोलणं बंद केलं होतं, हे त्या दोघांच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या आलं होतं.

प्राचीला बारावीनंतर हिमाचलात इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. सरकारी कॉलेज. कोणत्या जागेवर? — आलं ना तुमच्याही मनात? येतंच. म्हणूनच ते मी लिहिणार नाही.

गावच्या बौद्ध मंडळाची मुंबईतली माणसं एकत्र आली आणि तिचा सत्कार केला. एक शाल, एक पेन, आणि स्टीलचा एक चांगला जाड, उभा डबा. झाकणावर नाव घातलेलं, आपल्याकडे घालतात तसं. चार ओळी होत्या. कु. प्राची जाधव. बारावी गुणगौरव. बौद्ध मंडळातर्फे सप्रेम भेट — यात गावाचं नावही होतं. आणि शेवटची ओळ, हस्ते सखाराम जाधव. म्हणजे आप्पा. मंडळातले सगळ्यांत जुने म्हणून डबा त्यांनीच दिला होता. प्राचीने घरी येऊन जाहीर केलं, "बाकी बॅग तू भर, आई. हा डबा मात्र जाणारच."

आप्पा मंडळात सांगत सुटले, आपला डबा हिमाचलात जेवणार.

आता नीट समजून घ्या. डबा पुण्याला गेला असता तर मी काहीच केलं नसतं का? माहीत नाही. पण दक्षिणेत गेला असता तर नक्कीच नसतं केलं. तिकडे ती अक्षरं कुणाला वाचता आली नसती. हिमाचलात सगळ्यांना येतात. हा हिशेब माझ्या डोक्यात डबा घरात आल्याच्या संध्याकाळीच झाला होता.

त्यात पालकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. प्राचीच्या रूममध्ये येणाऱ्या मुलीची आई त्यात होती, कानपूरकडची. तिने मला वेगळा मेसेज केला. आधी, गादी घरून आणायची की तिथे घ्यायची. मग, बिटिया का रँक कितना आया? मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेन. सहज विचारलं असेल? असेलही. पण रँक विचारणारी बाई रँकसाठीच विचारते का? मी उत्तर दिलं की गादी तिथेच घेऊ.

नवरा म्हणाला, "तुला सगळ्यांचा संशय येतो." बरोबर होतं. पण संशय येतो म्हणजे तो खोटाच असतो, असंही नाही ना?

निघायच्या आधी मी तो डबा पिशवीत घालून कारखान्यात नेला. जेवणाच्या सुट्टीत बफिंगवाल्याला दिला. त्याने काही विचारलं नाही. आमच्याकडे चुकीचं नाव पडलेला माल अधूनमधून येतोच. चाकावर धरायचा, पॉलिश मारायचं, झालं. मी बाजूला उभी राहून बघत होते. आधी गावाचं नाव गेलं, मग प्राचीचं. शेवटी सासऱ्यांचं. मी झाकण उजेडाकडे धरून तपासलं. एक रेघ राहिली नव्हती. सवयीने मनात म्हटलं — पास.

घरी येऊन त्यात बेसनाचे लाडू भरले, वरून टॉवेल गुंडाळला आणि बॅगेच्या तळाशी घातला.

कारखान्यातल्या या कामाचं मला आजही फार वाईट वाटत नाही. हे ऐकून तुम्हाला मी आवडणार नाही, पण खरं सांगायचं ठरवलंय. अनोळखी मुलुखात मुलीला एकटी सोडताना मी एक खूण पुसली. तिला न विचारता पुसली, हे चूक. पण मला जे सांगायचंय ते हे नाही.

तिला सोडायला मी एकटीच गेले. नवऱ्याला रजा नव्हती आणि आप्पांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं. निघताना आप्पा लिफ्टपर्यंत आले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कुणी विचारलं तर काय सांगशील?" ती म्हणाली, "कितवा मजला दाबू." आप्पा इतके हसले की त्यांना खोकला लागला. मी बॅगेच्या हँडलला धरून उभी होते.

हॉस्टेलच्या रूममध्ये ती कानपूरची मुलगी आणि तिची आई आधीच आलेल्या होत्या. मी दिवसभर त्या बाईवर नजर ठेवून होते. आता विचारेल, मग विचारेल. तिने काही विचारलं नाही. "यहां बाल्टी कहां मिलेगी?" एवढं विचारलं. ती चांगली होती की हुशार, ते मला आजही ठरवता येत नाही.

संध्याकाळी प्राचीने लाडू द्यायला डबा काढला. झाकण वर करायच्या आधी हात फिरवला. थांबली. मग झाकण उजेडाकडे धरलं — अगदी मी धरते तसं. माझ्याकडे बघितलं. आणि डबा उघडला. सगळ्यांना लाडू दिले, स्वतः घेतला नाही.

नंतर पाण्याच्या कूलरपाशी तिने मला गाठलं. "आई, नाव कुणी काढलं?"

बघा, मी म्हणू शकले असते — मी काढलं. ती भांडली असती. आवाज चढवला असता, रडली असती, महिनाभर फोन केला नसता. मला दुसऱ्या दिवशी परत निघायचं होतं. मला भांडण नको होतं. आणि मला माहीत होतं की एकच नाव असं आहे ज्याच्याशी ही भांडणार नाही.

मी म्हटलं, "आप्पांनी सांगितलं काढायला."

ती म्हणाली, "काहीपण."

तेव्हाही मागे फिरता आलं असतं. पण मला खोटं नीट जमतं, कारण खराब माल कुठे पकडला जातो ते मला माहीत आहे. मी म्हटलं, "आप्पा म्हणाले, मी म्हातारा आहे, लिफ्टमध्ये खपून जातो. ती एकटी पोर आहे. तिला तिकडे उगाच त्रास नको." आणि वर हेही म्हटलं — "त्यांना विचारू नकोस. मन घट्ट करून सांगितलंय त्यांनी. बाबांनाही काही बोलू नकोस."

प्राची कूलरकडे वळली. कूलरची तोटी गळत होती, ती तिने घट्ट पिळली. मग म्हणाली, "बरं." रूमकडे गेली.

हे आहे ते. इतकंच.

त्यानंतर तिचं आप्पांशी बोलणं दोन वाक्यांवर आलं. कसे आहात, औषध घेतलंत का. मग "आईला द्या." आप्पा म्हणायचे, डोंगरात रेंज नसते. त्यांचा फोन चालू असला की मी काहीतरी काम काढून तिथेच घुटमळायची. चुकून विषय निघाला तर? त्यांनी विचारलं, तिने सांगितलं तर? स्वतःच्या सासऱ्यावर आणि पोटच्या मुलीवर मी पहारा दिला — भांडी घासता घासता, कपड्यांच्या घड्या घालता घालता.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली. आप्पांनी जेवताना विचारलं, "डबा वापरतेस ना गं?"

"हो," ती म्हणाली. "अगदी चकचकीत आहे." आणि त्यांच्याकडे सरळ बघत राहिली.

आप्पा खूश झाले. मला म्हणाले, "ऐकलंस, वंदना? जपलाय पोरीने." मी म्हटलं, "आणखी भात वाढू?"

तिला वाटलं, किती सहज नाटक करतो हा माणूस. ते तिच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ दिसलं. त्यांना काही दिसलं नाही. संशय घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

पुढे एकदा, ती दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा, त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. "मी पोरीला काही लागेल असं बोललो का? आठवून बघ. माझ्या तोंडाला कुलूप नाही, तुला ठाऊक आहे." मी म्हटलं, "अभ्यास असतो हो, आप्पा." ते म्हणाले, "मग ठीक." पण मग त्यांनी वेगळंच धरलं. तिला तिकडे कुणी छळतंय, म्हणून पोर बोलत नाही. मी जाऊन बघून येतो म्हणाले. गुडघे धड नव्हते, आणि हिमाचलला निघाले होते. नवऱ्याने समजूत काढली. मी नाही काढली. मी आत निघून गेले.

तिसऱ्या वर्षी, थंडीत, ते गेले. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत संपलं. प्राची पुण्यानुमोदनाला पोचली. मंडळाची सगळी माणसं आली होती, एकेकजण उठून आप्पांच्या आठवणी सांगत होता. लिफ्टचा किस्सा कुणीतरी सांगितलाच. सगळे हसले, काही रडले. मग प्राचीला म्हणाले, "नातीने दोन शब्द बोलावेत." ती उठली. "आप्पांनी मला खूप शिकवलं," म्हणाली, आणि बसली. माणसांना वाटलं, दुःखाने बोलता येत नाहीये. मी तिच्या शेजारीच बसले होते. मला माहीत होतं.

त्या दिवशी सांगता आलं असतं. त्या रात्रीही. आल्या-गेल्यांची ताटं घासत होतो तेव्हा ती आणि मी दोघीच होतो.

आता ती बंगळुरूला नोकरी करते. तिच्या ऑफिसात तिने पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगून टाकलं होतं म्हणे, आम्ही कोण ते. मला फोनवर सांगताना म्हणाली, "मला कुणाची भीती वाटत नाही, आई. आप्पा बोलायचे फक्त. शेवटी तेपण घाबरलेच ना?"

मी म्हटलं, "हं."

कूलरपाशी मी घाबरून बोलले असेन. हे "हं" मात्र मी आरामात खुर्चीवर बसून म्हटलं.

कॉलेज संपल्यावर तिचं सामान घरी आलं, त्यात तो डबा होता. झाकणावर तिने कर्कटकाने परत कोरलं होतं. वाकडंतिकडं, पण खोल; पॉलिशने सहज जाणार नाही असं. तिचं नाव. बारावी गुणगौरव. बौद्ध मंडळ, गावाच्या नावासकट. तीन ओळी. चौथीची जागा तिने मोकळी सोडली होती. तिथलं स्टील अजून तसंच आहे, गुळगुळीत.

नावं घालायचं मशीन आमच्या कारखान्याच्या खालच्याच गाळ्यात आहे. मी रोज त्याच्यासमोरून जाते.

डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे. पोहे असतात त्यात. वर मी साखरेचा डबा ठेवते, म्हणजे झाकण दिसत नाही. नवरा दर रविवारी कुरकुरतो, पोहे काढायला दोन-दोन डबे उतरवावे लागतात, साखर खाली का ठेवत नाहीस?

मी म्हणते, मुंग्या लागतात.