हॉटेलातला छोटा साबण

स्वेटर काढायला पेटी उघडली तर त्या छोट्या साबणाचा वास आला, आणि नागपूरचं ते मोठं हॉटेल आठवलं. त्या हिवाळ्यात कापूस वेचून मी पार थकले होते, म्हणून पोरीनं चार दिवस मोबाइल धुंडाळून एवढं भारी हॉटेल स्वस्तात मिळवलं आणि आम्ही मायलेकी गेलो. "आई, एक दिवस तरी ऊन येईपर्यंत झोपजो," म्हणाली. माझीही तेवढीच इच्छा होती हो, पण पहाटेच डोळा उघडला. कुठं पाहुणं म्हणून गेलं की आपलं अंथरूण आपण आवरायचं, कप विसळायचे, हीच आपली रीत. मी तर टॉवेल ओला करून फरशीही पुसली. पोरगी उठली ती डोक्याला हात लावून, "काऊन करून राह्यली तू हे?" तेवढ्यात सफाईवाली बाई आली. खोली पाहून हसली, "मावशी, मले काई कामच नाई ठेवलं तुमी!" "मंग बस ना घडीभर," मी म्हटलं. ती मऊ खुर्चीत टेकली आणि बसल्याबसल्या झोपली. पोरीनं हळूच पडदा ओढला. जाग आल्यावर लाजली बिचारी, आणि हा साबण माझ्या हातात ठेवून गेली. तो अजून तसाच आहे, आणि ऊन येईपर्यंत झोपणं माझंही अजून राहिलंच आहे.