एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा

आकडा कधी पक्षपात करत नाही, असं आमचे प्लांट मॅनेजर त्या सकाळी गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी बाळारामच्या सस्पेन्शनचं पत्र टाइप करायला सांगितलं.

रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर आहे. बाळाराम आमचा ईटीपी ऑपरेटर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या विभागातला माणूस. एकोणीस वर्षं मोहोपाड्याहून ड्युटीला येतोय. शुद्ध झालेलं पाणी बाहेर सोडताना एक मीटर त्याचे लिटर मोजतो. दर लिटरला एक पल्स येते, आकडा एकाने वाढतो. तीन दिवस पंप चालू होता आणि मीटर १,६७,७७,२१६ वर ढिम्म उभा. पाणी किती सोडलं ते लपवायला बाळारामने मीटर बंद पाडला, असं ठरलं. चार वाजता पत्र त्याच्या हातात पडणार होतं.

"मी बोटसुदा लावला नाय, साहेब," तो म्हणाला. "तीन दिस तोच आकडा लिवतोय. शिफ्टवाले बोलतात, तुझी नजर लागली रं मीटरला."

वायर तपासली. सेन्सर तपासला. पल्स आत पोचत होत्या, आकडा वाढत नव्हता. दोन वाजले. मीटरचा प्रोग्रॅम दोन वर्षांपूर्वी मीच पास केला होता, हेही आठवायला लागलं.

काही सुचेना म्हणून आकडाच निम्मा केला. ८३,८८,६०८. पुन्हा निम्मा. साधारण आकडा असा दोन-चारदा निम्मा केला की विषम निघतो आणि अडतो. हा अडेना. चोवीस वेळा निम्मा होऊन थेट एकवर आला. म्हणजे दोनाचा चोविसावा घात. दोषी कोण ते आता कळलं होतं.

आमचा मीटर ज्या पद्धतीने बेरीज साठवायचा, तिच्यात एकेक करून इथवरच मोजता येतं. पुढचा आकडा एकदम दोनाने मोठा. मधल्याला जागाच नाही. एक मिळवला की उत्तर दोन्हींच्या बरोबर मध्ये पडतं, आणि मीटर ते नियमाने पुन्हा याच आकड्यावर आणतो.

साडेतीनला मी हे केबिनमध्ये सांगितलं. मॅनेजरांचा विश्वास बसेना. मग तोच प्रोग्रॅम असलेला स्पेअर मीटर टेबलावर ठेवला, त्यात १,६७,७७,२१० भरले आणि पल्स द्यायचं बटन त्यांच्याच हातात दिलं. सहा वेळा दाबलं, आकडा सहाने वाढला. सातव्यांदा हलला नाही. त्यांनी जोरात दाबून पाहिलं. मग वीसेक वेळा दाबलं.

"प्रोग्रॅम कुणी पास केला?"

"मी."

पत्र फुकट गेलं नाही. नाव बदलून मेमो म्हणून मला मिळालं. मीटर घेताना तो किती अचूक मोजतो हे मी विचारलं होतं, कुठवर मोजतो हे विचारायला हवं होतं.

नवा प्रोग्रॅम येईपर्यंत दर महिन्याच्या एक तारखेला मीटर हाताने शून्यावर आणायचा आहे. ते काम लेखी आदेशाने बाळारामकडे दिलेलं आहे.