विकलेल्या बागेतली सहल

बागेच्या फाटकात एक माणूस काठी आडवी धरून उभा होता, आणि नर्सरीच्या पोरांची बस अचलपूर ओलांडून आमच्याकडे येत होती.

"आत जा तुमी, बसा, फिरा," तो म्हणाला. "पन फळाले हात लावाचा नाई. सौदा झाला हाये."

मी म्हटलं, "कसला सौदा? आम्ही संत्री तोडायलाच आलो आहोत."

"माल सेठचा झाला बाई. मी सेठचा राखनदार, आजपासून."

माझं काम आधी सांगते, म्हणजे हे ऐकून मी का घाबरले ते कळेल. मी अमरावतीला राजापेठेत राहते. बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं, आता लहान मुलांच्या सहली काढते. लहान म्हणजे तीन ते सहा वर्षांची. मोठ्या पोरांना चिखलदऱ्याला नेणारे पुष्कळ आहेत. या वयाला घाटात नेलं की अर्धी बस ओकते, आणि वर पोचल्यावर त्यांना दरी दिसतच नाही, माकडंच दिसतात. म्हणून माझ्या सहली जवळच्या. कुंभाराकडे, रोपवाटिकेत, गाईच्या गोठ्यावर, शेतात. सोबत दोन-चार आया असल्या तर उत्तम. दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेवायची. आणि जे कबूल केलं ते दाखवायचं. हा शेवटचा नियम मी कोणासाठी मोडत नाही. मोठ्या माणसाला "आज जमलं नाही, पुढच्या वेळी" म्हटलं तर तो कुरकुरतो आणि विसरतो. चार वर्षांचं पोर विसरत नाही. पुढच्या वेळी ते तुमचा हात धरून बसमध्ये चढत नाही, एवढंच.

आम्ही काय कबूल केलं होतं? प्रत्येकाने आपल्या हाताने झाडाचं एक संत्रं तोडायचं. त्याची आठवडाभर शाळेत तालीम झाली होती. वर्गात दोरी बांधून कागदाची संत्री टांगली. ओढायचं नाही, हलकेच पिरगळायचं, कारण ओढलं की देठापाशी साल फाटते आणि फळ सडतं. ओवी नावाची एक चिमुरडी तर घरी दाराची कडी, नळाची तोटी, आजोबांचा कान, जे हाताला लागेल ते पिरगळून पाहत होती. तिच्या आईने मला फोन करून हे सांगितलं, तक्रारीच्या सुरात.

शिवाय माझंही त्यात अडकलेलं होतं. शाळेच्या संचालिका मीनल मॅडम. त्यांच्या दोन शाखा, एक अमरावतीत, एक अकोल्यात. ही सहल नीट झाली तर दोन्हीकडचं वर्षभराचं काम माझं. नाही झाली तर मी घरी बसून लोणची घालायला मोकळी.

तुम्ही म्हणाल, आधी जाऊन पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं ना. आमच्या धंद्यात त्याला रेकी म्हणतात. सहलीच्या आधी जागा बघून यायची. मी उभ्याने बघत नाही, खाली बसून बघते, कारण तीन वर्षांच्या मुलाला जग तिथूनच दिसतं. विहिरीला जाळी आहे का, संडास कसा आहे, कुत्रं बांधतात का, झाडांवर शेवटची फवारणी कधी झाली, सगळं विचारलं होतं. बागेचा मालक प्रशांत, तिशीतला मुलगा, शेतीसोबत हे सहलींचं काही सुरू करावं म्हणून हौसेने धडपडणारा. मी त्याला विचारलं, "फळ आहे ना?" तो म्हणाला, "भरून हाये मॅडम." आणि खरंच होतं. आजही झाडं पिवळीधमक लगडलेली होती. फक्त ती त्याची राहिली नव्हती.

आमच्याकडे संत्र्याची बाग अशीच विकली जाते. फळ झाडावर असतानाच व्यापारी येतो, बाग फिरतो, भाव ठरतो, हातात हात दिला की संपलं. झाड शेतकऱ्याचं, फळ व्यापाऱ्याचं. तो आपला राखणदार बसवतो आणि त्याच्या सवडीने तोडणी करतो.

प्रशांत मोटरसायकलवरून आला, काठी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"हे कवा झालं?" त्याने राखणदाराला विचारलं.

"तुमच्या बाबानं केला ना सौदा. तुमाले मालूम नाई?"

नव्हतं मालूम. आता ऐका गंमत. प्रशांत आणि त्याचे वडील बाबाराव एका घरात राहतात, एका चुलीचं जेवतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण असं काही नाही. बोलायचं नाही, एवढंच. बाबारावांना काही सांगायचं असेल तर ते बायकोला सांगतात, ती पोराला सांगते. पोराचा निरोपही तिच्याच तोंडून उलट जातो. वऱ्हाडात अशी घरं काही कमी नाहीत. व्यवस्था उत्तम चालते, मधली बाई घरात असेपर्यंत. ही माउली नेमकी लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेली होती. महिनाभर घरात निरोप बंद. त्या महिन्यात बापाने बाग विकली आणि पोराने त्याच बागेत शाळा बोलावली. दोघांनीही आपापला शब्द दिला, आणि कोणी कोणाला सांगितलं नाही.

बाबाराव विहिरीकडून आले. उंच, वाळका माणूस, खांद्यावर दुपट्टा. मी "काकाजी, नमस्कार" म्हणून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं खरं हाये," ते म्हणाले. "पन मी शब्द देल्ला. आता ते फळ माहं नाई."

प्रशांत मध्येच म्हणाला, माझ्याकडे बघून, "बाबाले म्हना, आपलीच बाग हाये. पोट्ट्यायनं एकेक तोडलं तं सेठ काय फाशी देनार हाये का?"

बाबाराव, तेही माझ्याकडेच बघून, "त्याले म्हना, चोराले बी असंच वाटते."

म्हणजे आई अकोल्याला, तर आता निरोप्याचं काम माझ्याकडे आलं. मी मनात म्हटलं, देवा, मी सहली काढते, घरं जोडत नाही.

राखणदाराकडून नंबर घेऊन मी थेट सेठला फोन लावला. माणूस चांगला निघाला. म्हणाला, "मॅडम, लहान लेकरं आहेत, माझी काही हरकत नाही. पण बाबारावजींना मला एक शब्द सांगू द्या. मालकाने न विचारता मीच परवानगी दिली तर उद्या सगळं गाव बागेत शिरेल." मला वाटलं, सुटले. फोन बाबारावांपुढे धरला. त्यांनी हात मागे बांधले.

"मी नाई मांगत."

"काकाजी, मागायचं कुठे, नुसतं सांगायचं आहे."

"विकलं ते विकलं. विकलेल्या मालातून मांगनं म्हंजे भीक. माह्या बापानं नाई मांगतली, मी बी नाई मांगत."

एका बाजूला पोरांना दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला सेठला दिलेला, आणि मध्ये एका माणसाचा ताठा, जो मला रागही आणत होता आणि पटतही होता. मला खरोखर रडू येत होतं. बसमधून पोरांच्या आयांचे मेसेज सुरू झाले होते, "पोचतोय, सगळे फार एक्सायटेड!"

तेवढ्यात मीनल मॅडमचा फोन. त्या बसमध्येच होत्या. मी परिस्थिती सांगितली. त्या एक क्षणही थांबल्या नाहीत.

"रस्त्यावर संत्र्यांचे ढीग लागलेत ना? दोन क्रेट घ्या. खालच्या फांद्यांना दोऱ्याने बांधा. मुलांना काय कळतं? ग्रुपवर व्हिडिओ चांगला आला पाहिजे, बस."

"मुलांना काय कळतं" असं जो म्हणतो त्याने कधी मूल सांभाळलेलं नसतं, हे माझं जुनं मत. ओवीला दोरा दिसला नसता असं मला अजिबात वाटत नव्हतं. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. मी प्रशांतला म्हटलं, "काढ गाडी. रस्त्यावरून क्रेट आण, आणि घरात दोरा असेल तर दोरा."

त्याने किक मारली. बाबाराव चार पावलांत गाडीपाशी गेले आणि किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"काय आनाले चालला?"

बापाने लेकाला सरळ विचारलेलं ते पहिलं वाक्य. प्रशांतही इतका गांगरला की त्याने सरळ उत्तर दिलं. "संत्रे. झाडाले बांधाले."

"माह्या बागेत बाजारातले संत्रे बांधतं?" बाबारावांचा आवाज चढला नाही, पण किल्ली त्यांनी सोडली नाही. "तीन पिढ्यांपासून बाग हाये इथं. लेकराईले खोटं झाड दाखवतं? काहून, आमी मेलो का?"

राखणदाराने काठी खाली केली. मला मात्र मनातून बरं वाटलं, कारण माझ्या तोंडून जे निघायला हवं होतं ते त्यांनी म्हटलं होतं.

मग ते माझ्याकडे वळले. "केवढाले हायेत लेकरं?"

मी हात कमरेच्या जरा वर धरून दाखवला. "एवढी. काही याहून लहान."

"हात वर केल्यावर?"

मी माझ्या खांद्याशी हात नेला. त्यांनी तिथे नीट पाहिलं, जसं कापड मोजतात तसं.

"या मंग."

घराच्या मागे, धुण्याच्या दगडापाशी एक झाड होतं. जुनं, पसरट, फांद्या जमिनीला टेकायला आलेल्या. बाग विकताना शेतकरी असं एखादं झाड सौद्यातून बाहेर ठेवतो, घरच्यांना खायला. हे तसं होतं. पहिल्या भेटीत प्रशांतने मला ते दाखवलं नव्हतं, कारण तिथे धुणं वाळत घालतात आणि त्याला लाज वाटली होती.

"नातीचं बारसं हाये अकोल्यात, या ऐतवारी," बाबाराव म्हणाले. "पयली नात. लेकीले सांगतलं होतं, घरच्या झाडाचं एकबी फळ तोडत नाई, सारे घेऊन येतो. बारश्याले आलेल्या लेकराईले वाटाचे होते." त्यांनी खालची एक फांदी हाताने उचलून पाहिली. "वाटाचे तं लेकराईलेच होते. हे लेकरंच हायेत. लेकराईचा हात पुरन तिथपर्यंतचे लेकराईचे, वरचे नातीचे. शिडी आनाची नाई."

दोरीवर वाळत असलेले कपडे मी स्वतः काढले. बस आली.

लहान मुलांच्या सहलीत मोठ्यांनी ठरवलेलं फारसं होत नाही, हेही तुम्हाला सांगून ठेवते. तीन पोरं उतरल्याबरोबर ठिबकच्या नळीपाशी बसली, थेंब मोजायला. एकाला बकरी सापडली आणि त्याचा दिवस तिथेच संपला. बाकीची झाडाखाली शिरली. राखणदार आपल्या हद्दीवर काठी धरून उभा होता, त्या काठीला पोरांनी मागून पकडून आगगाडी केली, आणि तो बिचारा नोकरीवर असताना इंजिन झाला.

ओवीने घाई केली नाही. सगळी फळं खालून पाहिली, एक निवडलं, दोन्ही हातांत धरलं आणि हलकेच पिरगळलं. देठ फांदीवर राहिला, साल कुठे फाटली नाही. बाबाराव वाकून बघत होते.

"कोनं शिकवलं तुले?"

"टीचरनी. ओढायचं नसतं, त्याला दुखतं." हे आम्ही शिकवलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं. मग तिने वर पाहिलं. "ती वरची कोणाची?"

"माह्या नातीची."

"ती एवढी उंच आहे?"

म्हातारा हसला, आणि हसता हसता दुपट्ट्याने डोळे पुसायला लागला. प्रशांत बाजूलाच उभा होता. बाबारावांनी त्याच्याकडे न बघता, पण त्यालाच म्हटलं, "तुह्या मायले फोन लाव. सांग, अर्धेच येतीन." प्रशांत म्हणाला, "तुमीच सांगा ना." आणि फोन लावून त्यांच्या हातात दिला.

मीनल मॅडमना व्हिडिओ मिळाला. त्यात दोरीवरच्या वाळत्या कपड्यांपैकी एक बनियन राहून गेलेलं दिसतं, ते मला दिसलं नव्हतं. आयांना तेच सगळ्यात आवडलं, "अगदी घरच्यासारखं" म्हणे. दोन्ही शाखांचं काम मला मिळालं. झाडाची वरची संत्री रविवारी अकोल्याला गेली. बापलेक एकाच गाडीने गेले. मी नंतर प्रशांतला विचारलं, रस्त्यात काही बोललात की नाही? तो म्हणाला, "बोललो ना. बाबा म्हने, हळू चालव."

रेकीला मी अजूनही जाते, अजूनही खाली बसून बघते. विहीर, संडास, कुत्रं, फवारणी, सगळं विचारते. फक्त "फळ आहे का" असं आता विचारत नाही. विचारते, फळ कोणाचं आहे, आणि तुम्ही घरात एकमेकांशी बोलता ना? बहुतेक जण हसतात. जो हसत नाही, त्याच्या बापाला मी स्वतः जाऊन भेटते.