चाळीस प्रवाळांची ओळखपरेड

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझी मुलगी लक्षद्वीपहून संभाजीनगरला घरी आली. तिच्याकडे चाळीस प्रवाळांचे दोन-दोन फोटो होते, एक वर्षापूर्वीचा, एक ताजा. कोणता ताजा फोटो कोणत्या जुन्याचा, हे बहुतेकांबाबत तिला सांगता येत नव्हतं.

प्रवाळांची पाहणी करणाऱ्या पथकात ती काम करते. पाण्याखाली उतरून ठरलेली प्रवाळं दरवर्षी तपासायची, कोणतं वाढलं, कोणतं मेलं ते लिहायचं. ओळखीसाठी प्रत्येकाशेजारी क्रमांकाची पट्टी ठोकलेली असते. वादळात आठ सोडून सगळ्या पट्ट्या वाहून गेल्या. शिवाय समुद्र तापल्याने तपकिरी, जांभळी प्रवाळं एकजात पांढरी पडली होती. जोड्या लागल्या नाहीत तर तुलना होणार नव्हती आणि तिचं वर्षाचं काम बाद ठरणार होतं. मुदत पंधरा दिवसांची होती.

क्रांती चौकातून फोटो छापून आणून तिने ते फरशीवर मांडले. चार दिवसांत पाच जोड्या लागल्या. त्यातल्या दोन तिने स्वतःच रद्द केल्या.

पाचव्या दिवशी माझी थोरली बहीण फुलंब्रीजवळच्या गावाहून गुडघे दाखवायला आली. घरची मेंढरं तिनेच राखली. मी शहरात शिकायला आलो तेव्हा माझ्या वाट्याचीही.

"एवढी फुलकोबी कशाला गं?" फोटो बघून तिने विचारलं.

"आत्या, जित्राब हाय ते." आत्याशी मुलगी आत्याच्याच बोलीत बोलते.

"मंग त्वांड कुठाय?"

"एकेकाला हजार हायेत."

"लई सोपं झालं की वळखायला!"

मुलीने अडचण सांगितली, रंगच गेलाय.

"कातरल्यावर मेंढी वळखत नाय व्हय आम्ही? तू लोकर बघतीस, बाई. हाड बघ."

आमच्याकडे कातरणीला तीन-चार घरांची मेंढरं एकत्र बसतात. लोकर उतरली की परक्याला सगळी सारखीच दिसतात. घरची बाई मात्र तोंड बघून आपली वेगळी काढते. बहिणीने तसंच सुरू केलं. कडेच्या खाचा, भोकं, कोणत्या अंगाला खोलगट आहे, एवढंच ती बघत होती.

पट्टी शिल्लक असलेल्या आठ प्रवाळांचे फोटो मुलीने क्रमांक कापून मुद्दाम त्यात मिसळले होते. आत्याला सांगितलं नव्हतं. सात जोड्या बरोबर लागल्या. आठवी जोडी मुलीने स्वतः पुढे केली, ती बहिणीने नाकारली.

"हे ते नाय."

"हेच हाय आत्या. नंबर हाय माझ्याकडं."

"तुझा नंबर चुकला आसंल."

मुलीने मूळ वही उघडली. क्रमांक उतरवून घेताना तिने एकतीसच्या जागी तेरा लिहिलं होतं.

बहीण तीन दिवस राहिली. ती जोडी सांगायची, मी मागे क्रमांक टाकायचो. तिचे आभार मानायला मी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा तिने चहा मागितला. जे तेव्हा बोलता आलं नाही ते इथे लिहितो: मुलीचं ते वर्ष तिने वाचवलं, आणि माझी शाळाही.

एकूण चौतीस जोड्या लागल्या. सहा ताजे फोटो "ह्यांचं सांगता येत नाय" म्हणून तिने बाजूला ठेवले. पथकाच्या प्रमुखांनी खाचांची मापं घेऊन चौतीसही जोड्या मान्य केल्या. अहवाल मुदतीत गेला. जोड्या लावणाऱ्यांमध्ये त्यात मुलीचं धरून दोन नावं आहेत. पहिलं माझ्या बहिणीचं आहे.