पुढचे जाजम दोन आण्यांना

व्यंकटबुवांची आणि माझी पहिली गाठ भांडणातून पडली. मी नुकताच मास्तर होऊन सोलापुरात आलो होतो आणि विणकरांच्या गल्लीला लागून एक खोली घेतली होती. सकाळी उजाडल्यापासून हातमागांची खडखड सुरू व्हायची आणि त्या खडखडीवर कोणीतरी खड्या आवाजात गायचे. तिसऱ्या दिवशी माझे डोके फिरले. तपासायच्या वह्या तशाच टाकून मी तरातरा त्या घरात शिरलो. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले एक सावळे, किडकिडीत गृहस्थ गात होते. मला पाहताच त्यांनी धोटा थांबवला.

"तरास व्हतोय का मास्तर? हळू म्हनतो की."

शेजारच्या मागावर त्यांचे मित्र मल्लय्या होते. त्यांनी मान वर न करता सांगितले, "हळू न्हाय म्हनायचं. त्यांचं गानं थांबलं की माजा हात थांबतोय." भांडायला गेलेला मी तिथेच अर्धा तास ऐकत उभा राहिलो. शाळेला उशीर झाला आणि हेडमास्तरांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आज बुवांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या गायकीवर जाणकार मंडळी लिहितीलच. ते माझे काम नव्हे. आमच्या गायन मंडळाचा चिटणीस म्हणून मी त्यांच्या मैफलींची तिकिटे विकली, बैठकी मांडल्या आणि एकदा फार मोठी चूक केली. तेवढेच मला नीट ठाऊक आहे.

बुवांनी पस्तिशी उलटल्यावर माग सोडला आणि कर्नाटकात एका खाँसाहेबांकडे शिकायला गेले. लोक म्हणाले, घोडा म्हातारा झाल्यावर याला चाल शिकायची आहे. घरी बायको, दोन मुली, म्हातारी आई. त्यांचे काय? तो भार मल्लय्यांनी उचलला. हातमागावर दोन घरे चालेनात, म्हणून त्यांनी आपला माग विकला आणि गिरणीच्या साचेखात्यात नोकरी धरली. एका छपराखाली शेकडो यंत्रमाग एकदम धडधडतात ते हे खाते. तिथे माणसे एकमेकांशी ओठांच्या हालचालीने आणि हातवाऱ्यांनी बोलतात. दहा-बारा वर्षे काढली की कान जातो. मल्लय्यांचा उजवा कान बुवा परत येईपर्यंत गेला होता आणि डावा अर्धामुर्धा उरला होता.

पुढे बुवांची तबकडी निघाली आणि पन्नाशीच्या या गृहस्थांना एकाएकी कीर्ती मिळाली. सात रस्त्याच्या चौकातल्या हॉटेलात ती तबकडी लागली की टांगेवाले टांगे थांबवीत. इथे एक कबुली देऊन टाकतो. तबकडी निघेपर्यंत मी बुवांना एकेरीत हाक मारीत असे. तबकडी वाजू लागली तसा 'अहो-जाहो'वर आलो. मल्लय्यांना मात्र 'अरे मल्लय्या'च म्हणत राहिलो. आज त्यांच्याविषयी आदराने लिहितो आहे, ते उशिरा सुचलेले शहाणपण आहे.

कीर्ती आली तसे थिएटरचे कंत्राटदार आले. खुर्चीला तीन रुपये आणि मागे भुईवर बसणाऱ्याला आठ आणे, असा त्यांचा हिशेब. बुवा म्हणाले, "भुईला दोन आणे. आन् भुई पुढं. खुर्च्या मागं."

कंत्राटदार हसायलाच लागले. "बुवा, दोन आणे देणारा पुढे आणि तीन रुपये देणारा मागे? जगात कुठे आहे ही रीत?"

"गिरनीतल्या मानसाला कमी ऐकू येतं. त्याला मागं बसवून काय माजं थोबाड दावायचं? तुमच्या खुर्चीवाल्यांचे कान चांगले हायत. त्यांना मागनं बी ऐकू येतंय की."

"पण लोक म्हणतील, एवढे स्वस्त गाणे म्हणजे काहीतरी हलके असेल."

"म्हनू द्यात. कमी पडंल ते माज्या बिदागीतनं कापा."

आणि खरोखरच कापले हो! दोन वर्षे बुवा या शहरात निम्म्या बिदागीवर गायले. दोन आण्यांची तिकिटे थिएटरवर विकायचीच नाहीत, असाही त्यांचा दंडक होता. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मी स्वतः गिरणीच्या फाटकाशी उभे राहून ती विकायची. प्रतिष्ठित मंडळी कुरकुर करीत मागे खुर्च्यांवर बसत, पण येत. पुढच्या जाजमावर, अगदी मधोमध, डावा कान बुवांकडे करून मल्लय्या बसत.

बुवांच्या मनाचा मोठेपणा मी घरातही पाहिला आहे. माझी पत्नी विषमज्वराने महिनाभर अंथरुणाला खिळली होती. त्या महिन्यात बुवांच्या घरून रोज ज्वारीच्या कण्या आणि मऊ भात येई, आणि डबा घेऊन बुवा स्वतः चालत येत. गावभर ज्यांचे नाव झाले ते गृहस्थ हातात डबा घेऊन माझ्या उंबऱ्याशी उभे! मी संकोचून काही बोललो, तर म्हणाले, "मास्तर, कण्या गार व्हतील. आदी वैनींना द्या." अशा माणसाशी मी कसा वागलो ते आता सांगतो.

तिसऱ्या वर्षीच्या मैफलीला शहरातले एक बडे गृहस्थ आपल्या पाहुण्यांना घेऊन येणार होते. आमच्या मंडळाला स्वतःची वास्तू नव्हती. त्या गृहस्थांनी जागेसाठी देणगी देण्याचे माझ्याजवळ सूचित केले होते, आणि बोलता बोलता असेही म्हणाले होते की, "मास्तर, आम्ही गिरणीकामगारांच्या पाठी पाहत बसायचे की काय?" मी पाघळलो. बुवा मैफलीआधी आतल्या खोलीत तंबोरे जुळवीत बसत आणि थेट रंगमंचावर येत. त्यांना न विचारता मी जाजम उचलून पार मागे, भिंतीशी टाकले आणि खुर्च्या पुढे आणल्या.

धुतलेला सदरा घालून मल्लय्या आले. त्यांनी पुढच्या खुर्च्या पाहिल्या, मागे भिंतीशी टाकलेले जाजम पाहिले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मास्तर, तितनं मला ऐकू येत न्हाय वो."

मी म्हणालो, "आजचा दिवस घे चालवून. पुढच्या खेपेला तुला अगदी बुवांच्या समोर बसवतो."

"व्हय, व्हय," म्हणून ते मागे जाऊन बसले. त्यांनी दुसरा शब्द काढला नाही. काढला असता, चार शिव्या दिल्या असत्या, तर कदाचित मी शुद्धीवर आलो असतो.

बुवा आले, बसले आणि समोर पाहून थबकले. पुढे बूट होते. त्यांनी मान उंचावून मागची भिंत पाहिली आणि गायला सुरुवात केली. ती कधी नव्हे एवढ्या वरच्या आवाजात. आलापीची नाजूक जागासुद्धा ते मोठ्याने फेकीत होते. खुर्चीवरच्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला मात्र कळत होते, ते कुणासाठी गळा ताणताहेत. तासाभराने आवाज चिरकला. बुवांनी पाणी घेतले, पुन्हा वरचा स्वर लावला आणि तो फाटला. मल्लय्या केव्हा उठून गेले ते मी पाहिले नाही. माझी मान खाली होती.

मैफल संपल्यावर आतल्या खोलीत बुवांनी एवढेच विचारले, "जाजम कुनी हलवलं?"

"मी."

"मला इचारायचं व्हतं की मास्तर."

त्या गृहस्थांनी पुढे देणगीचे नाव काढले नाही. जाता जाता "बुवांचा आवाज आता गेला" एवढे मात्र गावभर करून ठेवले. बुवांचा गळा असा दुखावला की आठ-नऊ महिने त्यांना गाता आले नाही. तबकडीवाल्यांनी बोलावणे थांबवले. आणि त्याच महिन्यांत मल्लय्यांचा उरलेला कान गेला.

बुवा पुन्हा गायला बसले तेव्हा मी माझा शब्द पाळला. जाजम पुढे अंथरले आणि मल्लय्यांना हाताला धरून बुवांच्या समोर बसवले. त्यांना काही ऐकू येत नव्हते. ते बुवांच्या ओठांकडे टक लावून पाहत होते आणि मांडीवर हाताने ताल धरीत होते. तो ताल चुकत होता, मागे राहत होता. बुवांनी ते पाहिले. मग त्यांनी आपली लय हळूहळू खाली आणली आणि त्या हाताशी नेऊन मिळवली. तबलजी गोंधळला. मागून कोणी कुजबुजले, "बुवा लयीतून सुटले." मल्लय्या हसत होते. मला तिथे बसवेना, मी बाहेर जाऊन रडलो.

बुवांनी मला त्याविषयी कधी बोल लावला नाही. मंडळाच्या चिटणीसपदाचा राजीनामा घेऊन गेलो तर म्हणाले, "मग भोंग्याला फाटकावर उभं कोन ऱ्हानार?" मी अजून उभा राहतो. तिकीट अजून दोन आणेच आहे.

बुवांना आयुष्याची आणखी चाळीस वर्षे लाभोत, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि हा गळा आमच्या शहराला दीर्घकाळ ऐकायला मिळो, ही माझी मनापासून प्रार्थना आहे. त्यातली निम्मी मी मल्लय्यांसाठी करतो. बुवांची क्षमा मी या पानावर मागतो, ते हा लेख वाचतील आणि "ऱ्हाऊ द्या की" म्हणून मला मोकळा करतील. मल्लय्यांची क्षमाही याच पानावर मागतो आहे. पण त्यांना वाचता येत नाही, आणि कुणी वाचून दाखवले तर आता ऐकू येणार नाही.