भिंतीवरच्या तापाच्या रेघा

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षर तर कोंबडीच्या पायांचं. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं. रेघा मात्र मला सरळ ओढता येतात, आणि ही गोष्ट रेघांचीच आहे.

अमरावतीत फ्लूची साथ आली तेव्हा आमच्या घरी मालक आणि सासूबाई एकाच दिवशी अंथरुणाला खिळले. गल्लीत जो तो विचारी, "सुई देल्ली का?" सुईशिवाय ताप उतरतो हे कोणी मानतच नसे. अकोल्याच्या भावजयीकडून चाळीस रुपये उसने आणले आणि मालकांना खासगी डॉक्टरकडून रोज पेनिसिलिन टोचलं. सासूबाई म्हणाल्या, "मले नाही टोचू देत. मी काय बैल हाओ?" त्यांना सरकारी दवाखान्याचं गुलाबी औषध. बाटली घरची, तिच्यावर मात्रेच्या खाचा पाडलेली कागदी पट्टी.

चुलीमागच्या भिंतीवर मी कोळशानं तापाच्या दर दिवसाची एक रेघ ओढत गेले. वर मालकांच्या, खाली सासूबाईंच्या. दोन्हीकडे पाच-पाच झाल्या आणि दोघांचा ताप उतरला.

मग मुलगी तापली. मालक म्हणाले, "अकोल्याले जा, पैसे आन. पोरीले सुई देऊ."

मी त्यांच्यापुढे कधी बोलत नसे. त्या दिवशी भिंतीकडे बोट केलं. "मोजा."

त्यांनी दोनदा मोजलं. "म्हातारी काटक हाये, तिचं काय सांगतं!"

तेही खरंच. म्हणून पोरीला कडेवर घेऊन सरकारी दवाखान्यात गेले आणि मान खाली घालूनच विचारलं, सुई लागेल का. डॉक्टर म्हणाले, "हा ताप पेनिसिलिनला भीत नाही. पण धाप लागली, बरगड्या आत ओढल्या, तर तशीच उचलून आण. तेव्हा सुईच लागेल."

छोट्या बाटलीतलं औषध, पेज, ओल्या कापडाच्या घड्या. घटकेघटकेला झगा वर करून मी बरगड्या बघत होते.

शेजारीण म्हणाली, "पैशासाठी पोर घालवतं का वो?"

ते फार लागलं. पण मी हलले नाही. तिसऱ्या ओळीत चार रेघा झाल्या, आणि पाचव्या सकाळी पोरीनं भाकर मागितली.

पहिलं उसनं मात्र उरलंच होतं. दोन हंगाम लोकांच्या वावरात कापूस वेचला. शेवटचे पाच रुपये अकोल्याला नेऊन भावजयीच्या हातावर ठेवले, तेव्हा पुरे चाळीस फिटले.