सायकलची खांदशेकणी

सायकलच्या चेनला हळद-लोणी लावलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. हे सांगितलं की लोक हसतात. पूर्वी मी हसू द्यायची. आता वय झालं, धीर उरला नाही. आता मी त्यांना मध्येच थांबवते आणि पुढचं ऐकायला लावते.

पन्नासच्या दशकात मी चांदा जिल्ह्यात, नागभीडच्या पुढे धानाच्या एका गावात सरकारी सुईण होते. नवरा लग्नानंतर लवकरच गेला होता, त्यामुळे बाईमाणसानं सायकलवर बसू नये असं सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं. गावात सांगणारे पुष्कळ होते, पण घरात बाळंतपण निघालं की तेच आधी सायकल आहे का विचारायचे. दवाखाना म्हणजे मालगुजाराच्या घराची बाहेरची खोली आणि तिच्यापुढचा ओटा. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. खोली त्यांची, म्हणून खोलीतलं सगळंच त्यांचं असं ते धरून चालत. गाव त्यांना मालक म्हणे. मी भाऊ म्हणत असे, आणि ते त्यांना खुपत असे.

सायकल मला कामासाठी मिळाली होती. जंगलातल्या टोल्यांपर्यंत, म्हणजे आदिवासी वस्त्यांपर्यंत, बैलगाडीची वाट, ती उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात रेतीचा चिखल. ही रेती चेनीत शिरली की दातेही खाते आणि वेळही खाते. म्हणून दर आठवड्याला मी सायकल ओट्यावर उलटी ठेवायची, जोडकडी काढून चेन सोडायची आणि इंजेक्शनच्या सुया ठेवायच्या जुन्या ताटलीत रॉकेल घालून त्यात भिजवायची. मग चावून कुंचा केलेलं कडुनिंबाचं दातण घेऊन एकेक कडी घासायची. वाळली की शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब कडीच्या आत सोडायचा आणि बाहेरचं तेल फडक्यानं कोरडं पुसायचं. बाहेर तेल राहिलं की धूळ धरते. हे कोणाला सांगितलं तर कंजूष समजायचे. तेल सोडायचं आणि मग पुसायचं, ही कुठली रीत?

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी शेजारच्या गावात एका ओल्या बाळंतिणीकडे पायी गेले होते. परत आले तर खोलीत सायकल नाही. मालगुजारांच्या गड्यानं नेली होती. मागून नेली नव्हती, नुसती नेली होती. मला वाटलं कुठे कामाला नेली असेल, येईल. त्या संध्याकाळी घरोघरी बैलांची खांदशेकणी चालली होती. वर्षभर जुवाखाली घासलेले खांदे गरम पाण्यानं शेकायचे, त्यावर हळद-लोणी चोळायचं. मला हा सण आवडत असे. वर्षातून एकदा तरी राबणाऱ्याच्या खांद्याला कोणी हात लावतो.

पोळ्याच्या सकाळी जंगलातल्या एका टोल्यावरून एक गोंड माणूस धापा टाकत आला. मराठी त्याला मोडकीतोडकी येई.

“बाई, चाल. बायको अडली हाये.”

गाडी मिळणार नव्हती. पोळ्याच्या दिवशी त्या मुलखात बैलाच्या मानेवर कोणी जू ठेवत नाही, मग मरण का असेना. राहिली सायकल. मी पिशवी उचलली आणि मालगुजारांच्या अंगणात गेले.

सायकल गोठ्यात बैलांच्या रांगेत उभी होती. हँडलला शिंगांसारखं बेगड गुंडाळलेलं, सीटवर झूल, चाकांवर गेरूचे ठिपके, मागच्या चाकात झेंडूची माळ. आणि चेन! हळद, लोणी आणि वरून गेरू, असं सगळं कड्या-कड्यांत थापून रात्रभर वाळू दिलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मालगुजार ओसरीवर सुपारी कातरत होते.

“हे कोणी केलं?”

“मीच सांगतलं. गावात एकच सायकल हाये, संध्याकाळी तोरणाखाली आपल्या बैलजोडीसंगं सगळ्यात पुढं उभी राहीन. ओझं ज्याच्यावर पडते तोच खांदा. चेनवरच पडते ना?”

तर्क बिनचूक होता. तेच तर डोकं फिरवतं. आयुष्यात कधी हातानं सायकल ढकलली नाही, पण ओझं कशावर पडतं हे बरोबर ओळखलं.

“भाऊ, बाई अडली आहे टोल्यावर. मला आत्ता निघायला पाहिजे.”

“आज? काऊन घाई करून राह्यल्या? आज पोळा हाये, बाई. आज त्याले कामाले लावत नाई. तुमाले माहीत नाई का?”

हसून म्हणाले ते. थट्टाच होती. पण सायकल सोडा असंही म्हणाले नाहीत. मी झूल ओढून जमिनीवर टाकली, माळ तोडली आणि सायकल बाहेर आणली. चार पावलं पायडल मारलं आणि चेन दात्यांवरून कचकन् उडाली. माळेचा सुतळी-दोरा मागच्या चकतीत शिरून आवळला होता. कड्या ताठ झाल्या होत्या, वाकायला तयार नव्हत्या.

पायी निघावं का? वाट लांब होती, अर्धा दिवस सहज गेला असता. चेन साफ केली तर त्याहून लवकर पोचेन असा हिशोब केला. तो आजही मला बरोबरच वाटतो. ओट्यावर सायकल उलटी टाकली, रॉकेल ओतलं आणि घासायला बसले. लोणी रॉकेलमध्ये सुटत होतं, पण गेरू आत गाऱ्यासारखा बसला होता. दातण मोडलं, दुसरं घेतलं. मग सुईनं एकेक कडी टोकरली. दोरा कात्रीनं कापून चिमट्यानं ओढून काढला. बाळंतपणाची हत्यारं मी चेनीत घातली, मग ती उकळत ठेवावी लागली, त्यात आणखी वेळ गेला.

तो माणूस ओट्याखाली उकिडवा बसून बघत होता. मी पायडल फिरव म्हटलं की फिरवायचा. मध्येच म्हणायचा, “झालं का, बाई?” आणि मला त्याच्यावर ओरडावंसं वाटायचं, कारण ज्याच्यावर ओरडायला हवं होतं तो पलीकडे आपल्या बैलांच्या शिंगांना रंग लावून घेत होता.

शेवटी चेन सैल झाली. तो पुढे पळत होता, मी मागे सायकलवर. वाटेत एकदाही चेन पडली नाही.

टोल्यावर पोचलो तेव्हा मूल रडत होतं. मुलगी, धडधाकट. आईच्या अंगाखालची जमीन सगळी भिजली होती. टोल्यातल्या म्हातारीनं तिचं पोट दाबून धरलं होतं आणि ती ते सोडायला तयार नव्हती. रक्त थांबवायचं इंजेक्शन माझ्या पिशवीत होतं. मी नाडी शोधली. मनगट गरम होतं. नाडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल ओढत मालगुजारांच्या अंगणात बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, मागायला जमली होती. मी जाऊन त्यांच्यादेखत सांगितलं, तुमच्या हौसेनं बाई मारली. मालगुजारांचा आवाजही चढला नाही. म्हणाले, “तिचं आयुष्य तेवढंच होतं, बाई. अन् पुजलेल्या सायकलीची पूजा तुमी पुसून टाकली, हे बरं नाई केलं.” मी काय काय बोलले ते लिहीत नाही. पोरं बैल टाकून पळाली. पुढे माझी बदली झाली, ती कोणाच्या सांगण्यावरून झाली हे मला कोणी सांगायला नको.

पण बदलीच्या आधी तो माणूस एकदा आला. मुलगी फडक्यात बांधून पाठीवर घेतलेली, आणि हातात सुकलेल्या भोपळ्यात टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल.

“हे ठेव, बाई. तुयाजवळ तेल नव्हतं म्हून उशीर झाला. दुसऱ्या बाईले उशीर नको व्हाले.”

मी ओट्यावर त्याच्यासमोर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. चेनला काय लावलं होतं, कोणी लावायला सांगितलं, कशासाठी. एकही गोष्ट गाळली नाही. त्याला समजावं म्हणून दोनदा सांगितलं. मला त्याचा राग बघायचा होता. मला एकटीला माझा राग पुरत नव्हता.

त्यानं सगळं ऐकलं. मग पाठीवरची मुलगी नीट बांधून घेतली आणि उठला.

“कुठी चालला?” मी विचारलं.

“मालकाच्या धानाच्या बांधीत,” तो म्हणाला. “आज निंदन हाये.”